वीस जुन्या, वीस नव्या

मी मोठ्याने बोलते, हे आधीच सांगून ठेवते. भांडत नाहीये. पंचवीस वर्षं कापडगिरणीत धोट्याच्या मागांवर काढली की स्वतःचा आवाज स्वतःलाच ऐकू येईनासा होतो, मग माणूस ओरडायला लागतो. शेजारीण म्हणते, तुमच्या घरातलं गुपित कोपऱ्यावरच्या दुकानदाराला आधी कळतं. कळू दे. आज सांगणार आहे तेही कळू दे त्याला. गोष्ट माझ्या धाकट्या भावाची आहे. माझा त्यात किती हात होता ते ओघात येईलच, लपवून ठेवण्यासारखं आता काही उरलेलं नाही.

भाऊ आमच्याच गिरणीत, पण आमच्यासारखा मागावर नव्हे. तो तपासणीच्या खोलीत. गिरणीत दोन ठिकाणांहून सूत यायचं, आणि त्यातलं कुठलं जास्त ताकदीचं हे सांगणं त्याचं काम. दोन्ही मालांतून वीस-वीस धागे उचलायचे, यंत्रात ताणून तोडायचे, कुठला धागा किती वजनाला तुटला ते लिहायचं, आणि मग पानभर गणित मांडून निकाल द्यायचा. एक तर 'फरक आहे', नाही तर 'फरक दिसत नाही'. 'फरक नाही' असं त्याच्या तोंडून कधी आलं नाही. मी म्हणायचे, अरे दिसत नाही म्हणजे नाहीच की. तो म्हणायचा, "ताई, सुई हरवली आणि वीस मिनिटं शोधून सापडली नाही, तर घरात सुई नाही असं म्हणशील का?" मी म्हणायचे, वीस मिनिटं तुला द्यायला मला वेळ कुठे आहे.

सगळी गिरणी त्याला 'वीस-वीस' म्हणायची. घरीही तेच. काडेपेट्या बदलल्या तेव्हा पठ्ठ्याने दोन्ही पेट्यांतल्या वीस-वीस काड्या ओढून किती मोडतात ते मोजलं, आणि चूल पेटवायला काडी उरली नाही. लग्नाचंही असंच. एक मुलगी बघून आला, चांगली होती, आणि मध्यस्थ बाईने कशी वाटली विचारलं तर म्हणतो, "एकीवरून काय सांगणार?" ती बाई तडक उठून गेली. पुन्हा आमच्या दाराशी काही फिरकली नाही. आम्ही वर्षानुवर्षं हसलो यावर. तोही हसायचा, पण कमी.

माझा नवरा गेला तेव्हा माझी मुलगी चार वर्षांची होती. भाऊ त्या आठवड्यात आपली ट्रंक घेऊन आला, बाहेरच्या खोलीत लावली आणि राहिला. मी त्याला राहा म्हटलं नाही आणि त्याने विचारलं नाही. मुलीला त्यानेच वाढवलं म्हणा ना. गणित शिकवलं, ताप आला की कपाळावर हात ठेवून बसला. हळू आवाजात बोलणारा माणूस. मला तर त्याचं बोलणं ऐकूच यायचं नाही, मी त्याच्या ओठांवरून वाचायचे. पोरगी मात्र त्याच्या कुजबुजीलाही दुसऱ्या खोलीतून ओ द्यायची.

आमच्या गिरणीत मागाची दोन खाती होती. जुनं खातं आणि नवं खातं. जुन्या खात्यातले माग धोट्याचे. धोटा म्हणजे सूत पोटात घेऊन इकडून तिकडे धावणारा लाकडी ठोकळा, त्याला प्रत्येक फेरीला टोला बसतो. मिनिटाला दोनशे टोले, आणि असे ऐंशी माग एका पत्र्याखाली. नव्या खात्यातल्या मागांना धोटाच नाही. आवाज तिथेही असतो, पण तोंड कानाशी नेलं तर बोललेलं कळतं. आमच्याकडे तोंड कानात घातलं तरी उपयोग नाही. म्हणून आम्ही हातांनी बोलायचो. सूत संपलं, मुकादम येतोय, पोर आजारी आहे, सासू छळते, सगळ्याला खुणा. आम्हा बायकांची आठ तासांत जेवढी बडबड व्हायची तेवढी शांत खोलीत होत नसेल. आणि हात वाचायची सवय अशी लागते, की समोरच्याचं कोपर जरी हललं तरी तो काय करणार हे आपल्याला आधी कळतं.

मुलगी अठराची झाली आणि जुन्या खात्यात लागली. नव्यात जागा नव्हती, आणि गावात दुसरं काम नव्हतं. भावाने तिला आणखी शिकवायचं म्हणून वर्षभर हट्ट धरला, पण पोरीलाच शाळेचा कंटाळा. पहिल्या दिवशी ती परत आली तेव्हा भाऊ दारात उभा होता. तिने चपला काढल्या, आणि तो काहीतरी बोलला. ती म्हणाली, "काय?"

तेवढंच. पहिल्या दिवशी सगळ्यांचेच कान तासभर बधिर असतात, मी सांगितलं त्याला. पण तो जेवला नाही.

दोन वर्षं तो गप्प होता. मग एके दिवशी गिरणीच्या व्यवस्थापकाकडे गेला आणि म्हणाला, मला दोन्ही खात्यांतल्या बायकांचे कान तपासायचे आहेत. जुन्या खात्याने कान जास्त जातात की नाही, एकदा सोक्षमोक्ष होऊ दे. व्यवस्थापक वाईट माणूस नव्हता. वाईट असता तर सोपं गेलं असतं. तो म्हणाला, वरून विचारणा होतेच आहे. जुने माग भंगारात काढायचे की आणखी दहा वर्षं चालवायचे, हे ठरायचंय. तुम्ही फरक दाखवून दिलात तर मी जुनं खातं बंद करून सगळ्यांना नव्यात घेतो. पण एक दिवस, गिरणीचा दवाखाना, आणि वीस-वीस माणसं. त्याहून जास्त वेळ उत्पादन थांबवता येणार नाही.

वीस-वीस. भाऊ घरी आला तो उड्या मारायचाच बाकी होता. मी त्याला आयुष्यात तेवढा खूश बघितला नाही. मी म्हटलं, "तपासायचं काय त्यात? हातच्या काकणाला आरसा कशाला? माझ्याशी बोलून बघ म्हणावं त्याला दोन मिनिटं."

"ताई, एकीवरून काही सिद्ध होत नाही."

"मग आम्हा सगळ्यांशी बोला."

त्याने वही काढली आणि मला समजावलं. तो समजावायला लागला की पेन्सिलीने ओठ झाकायचा, आणि मी पेन्सिल खाली करायचे. म्हणाला, कान प्रत्येकाचे वेगळे. वयाने जातात, जन्मतःच अधू असतात. चिठ्ठ्या टाकून वीस बायका निवडल्या, आणि नेमक्या जुन्या खात्यातल्या जास्त बहिऱ्या निघाल्या, तर तो खात्याचा दोष की चिठ्ठ्यांचा? म्हणून सुरुवात उलटी करायची. आधी धरून चालायचं की दोन्ही खाती सारखीच आहेत, काही फरक नाही. मग जो फरक मोजमापात येईल तो बघायचा आणि विचारायचं, खाती खरंच सारखी असती तर निव्वळ योगायोगाने एवढा फरक किती वेळा पडला असता? शंभरात पाच वेळांहून कमी, तर मग योगायोग म्हणणं शहाणपणाचं नाही. मग म्हणायचं, फरक आहे.

"आणि पाचाहून जास्त असेल तर?"

"तर दिसला नाही म्हणायचं."

"सारखी आहेत असं धरूनच कशाला चालायचं?"

"न्यायाधीश आरोपीला निर्दोष धरून चालतो ना, तसं."

मी म्हटलं, "म्हणजे कान आमचे गेले, आणि निर्दोष धरायचं ते गिरणीला." त्याने पेन्सिलीला टोक काढलं. मग म्हणाला, "पुरावा भक्कम असला की त्याने काही बिघडत नाही, ताई." आणि पाचाचा आकडा वहीत लिहून त्याच्याभोवती गोल केला. आधीच लिहायचा असतो म्हणे. निकाल बघून मग ठरवणं म्हणजे बाण मारून झाल्यावर त्याच्याभोवती वर्तुळ काढणं.

हजेरीपटावरून चिठ्ठ्या टाकल्या. वीस जुन्या, वीस नव्या. मुलीचं नाव निघालं नाही, माझं निघालं. भाऊ म्हणाला, कागदावर नाव लिहिणार नाही, फक्त खातं आणि आकडा. कुणाला काही भीती नाही. दहादा सांगितलं त्याने मला. तू मैत्रिणींना सांग म्हणाला. मी सांगितलंही.

तपासणीच्या दिवशी सकाळी मुकादम मागांमधून फिरला. आमच्या रांगेशी थांबला आणि हातांनी म्हणाला, त्यालाही येत होती आमची भाषा, की जिला ऐकू येणार नाही तिला काढणार. त्याने ते मुद्दाम केलं, की कुठे ऐकलेलं पुढे ढकललं, मला आजतागायत कळलेलं नाही. आणि मी, सख्खा भाऊ घरात दहादा सांगून गेला असताना, विश्वास ठेवला तो मुकादमावर. का ठेवला? भीती वाटली म्हणून. पोरगी आणि मी एकाच खात्यात, भावाची नोकरी तीच गिरणी, आणि मला बाहेर कोण घेणार? भीती वाटली की माणूस जवळच्याचं ऐकत नाही, जो घाबरवतो त्याचं ऐकतो.

आमच्या खात्यातून माझा नंबर चौथा. दवाखान्याची खोली हातभर. परिचारिका यंत्राशी बसलेली, कानांवर टोपणं घालायची, पाठ तिच्याकडे, आवाज आला की बोट वर करायचं. पाठ करून बसवा हे भावानेच बजावलं होतं, म्हणजे कुणी तिचा हात बघून बोट वर करायला नको. सगळ्याचा विचार केला होता त्याने. फक्त समोरच्या भिंतीवर औषधांचं कपाट होतं, आणि कपाटाला काच होती.

काचेत ती आख्खी दिसत होती. तिचं कोपर, मनगट, बटणावरचं बोट. तिने दाबलं की मी बोट वर करायचे. टोपणांत आवाज होता की नव्हता, मला काय ठाऊक. पण मी मूर्ख नाही, दर वेळी नाही केलं वर. मधूनमधून सोडून दिलं, म्हणजे संशय नको. परिचारिका मान डोलावून म्हणाली, तुमच्या वयाला बरे आहेत कान.

मी खात्यात परतले आणि मागाच्या टोकाला उभी राहून उरलेल्या सोळाजणींना हातांनी सांगितलं. काच. तिचं बोट. अधूनमधून सोडा. खात्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत बातमी जायला दोन मिनिटं लागली नाहीत, आणि आवाज तर काहीच नाही. आम्ही हसलोसुद्धा. एवढ्या वर्षांत आम्हाला कुणी काही विचारलं नव्हतं, आणि विचारलं तेव्हा आम्ही त्यांना कसं बनवलं, याचं हसू. नव्या खात्यातल्यांना सांगायला कोण जाणार होतं? त्यांना गरजही नव्हती, त्यांनी ऐकू आलं तेव्हा बोट वर केलं आणि नाही तेव्हा नाही.

भावाने दोन दिवस गणित केलं. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी वही उघडी ठेवून बसला होता. आवाज कितीपर्यंत वाढवला तेव्हा ऐकू आला, तो आकडा, म्हणजे जास्त तेवढा वाईट. जुन्या खात्याची सरासरी एकतीस, नव्याची सव्वीस. "पाचाचा फरक आहे," मी म्हटलं, "आहे की फरक." तो म्हणाला, खाती सारखी असती तरी निव्वळ चिठ्ठ्यांच्या खेळाने एवढा फरक शंभरात वीसेक वेळा पडला असता. आपण पाच ठरवले होते.

"मग वीस चालतात म्हण."

"ताई."

"पेन तुझ्या हातात आहे. लिही फरक आहे म्हणून. कोण बघतंय?"

"आता बदललं तर ते गणित राहत नाही."

"भाची आहे तुझी ती तिथे," मी ओरडले. मुलगी आतून बाहेर आली. तो तिच्याकडे बघून म्हणाला, "म्हणूनच." त्याला समजत नव्हतं, ते मला दिसत होतं. वर्षानुवर्षं जिथे कान फुटतात तिथल्या बायकांची सरासरी एकतीस कशी, हे तो पुन्हा पुन्हा बेरीज करून शोधत होता. स्वतःच्या बेरजेवर संशय घेत होता, माझ्यावर नाही. आणि मी गप्प बसले. ताकाला जाऊन भांडं लपवणारी मी नव्हे असं मला वाटायचं. त्या दिवशी कळलं की आहे.

त्याने कागदावर एकच ओळ लिहिली. जुन्या व नव्या खात्यांत फरक आहे असे म्हणण्यास या मोजणीत पुरेसा पुरावा मिळाला नाही. आठवड्याने फाटकाशी सूचना लागली. शास्त्रीय तपासणीत दोन्ही खात्यांत फरक नाही असे सिद्ध झाले असून जुने खाते नियमितपणे चालू राहील. खाली भावाचं नाव आणि हुद्दा.

तो धावत व्यवस्थापकाकडे गेला. न सापडणं वेगळं, नसणं वेगळं, म्हणाला. व्यवस्थापकाने शांतपणे विचारलं, "तुम्हाला सापडला का फरक?" नाही. "झालं तर मग."

त्या संध्याकाळी मी त्याला सांगितलं. काच, बोट, हातांची बातमी, सगळं. वाटलं होतं ओरडेल. ओरडला असता तर बरं झालं असतं, तेवढं तरी ऐकू आलं असतं. तो खाटेवर बसला, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून, आणि थोड्या वेळाने म्हणाला, "कपाट मी बघायला हवं होतं." एवढंच. माझी चूक त्याने अशी उचलली आणि आपल्या खिशात घातली. मला त्याची इतकी चीड आली की मी ताट आपटलं. अरे, दोन शिव्या दे मला. पण तो कपाटाबद्दलच बोलत राहिला.

दुसऱ्या दिवशी तो पुन्हा गेला. पुन्हा मोजायला परवानगी द्या, पहिली मोजणी बिघडली होती. कशी बिघडली, हे विचारल्यावर तो काय सांगणार? खरं सांगितलं तर सतराजणींवर खोटेपणाचा ठपका, आणि पहिलं नाव बहिणीचं. म्हणून म्हणाला, माझ्याकडून चूक झाली. व्यवस्थापक म्हणाला, "हवा तो निकाल येईपर्यंत परीक्षा घेत राहायची का? आधी ठरवलेलं नंतर बदलायचं नसतं, हे तुम्हीच शिकवलंत आम्हाला." आणि भावाला त्यात काही चुकीचं सापडेना. ज्याची चूक झाली त्याच्या सुताच्या निकालांवर तरी विश्वास कसा ठेवायचा, असंही निघालं. त्यानंतर त्याच्या प्रत्येक कागदावर दुसऱ्या एकाची सही लागायची, ज्याला सरासरी काढायलाही यंत्र लागतं. 'वीस-वीस' तेव्हाही म्हणायचे त्याला. पण आता म्हणताना तोंड वाकडं करायचे.

माणूस आतून खचला. काड्या मोजणं गेलं, हसणं गेलं. मी एकदा म्हटलं, चल आपण हे गाव सोडू. तो म्हणाला, कुठे?

एकच गोष्ट त्याने धरून ठेवली. दर महिन्याच्या पहिल्या सुट्टीला, दुपारी, मुलीचे कान तपासायचे. आतल्या खोलीत खुर्ची, तिची पाठ दाराकडे, डोळे मिटलेले. हा चावीचं घड्याळ हातात घेऊन दारापासून निघायचा, एकेक फरशी पुढे. टिकटिक ऐकू आली की तिने बोट वर करायचं. कितव्या फरशीवर केलं ते वहीत. पहिल्यांदा नऊ फरश्यांवरून ऐकू आलं. पुढच्या वर्षी आठ. आणि मग आठच. महिन्यामागून महिना आठ. तीन वर्षं झाली आणि आठ. तो मला वही दाखवायचा, आणि त्या दिवशी चहा दोनदा घ्यायचा. म्हणायचा, "ताई, काही कान टिकतात. हिचे टिकतील." मी मान डोलवायचे. आमच्या घरात तेवढाच एक बरा आकडा होता.

गेल्या महिन्यात मी त्याच खोलीत होते, कोपऱ्यात बसून कपड्यांच्या घड्या घालत. एरवी मी बाहेर असते. भाऊ दारातून निघाला. दहा. नऊ. मी मान वर केली ती सहज. मुलीच्या खुर्चीसमोर आमचं कपड्यांचं कपाट आहे, आणि त्याच्या दाराला आरसा आहे. इतकी वर्षं ते तिथे आहे, आणि त्याच्यासमोर खुर्ची ठेवताना त्या शहाण्या माणसाला सुचलं नाही, आणि मलाही नाही.

मुलीचे डोळे उघडे होते. ती आरशात मामाचे पाय बघत होती, आणि ओठ न हलवता फरश्या मोजत होती. आठवी आली आणि बोट वर गेलं.

मग तिला आरशात मी दिसले. तिचा चेहरा हलला नाही. फक्त मांडीवरचा डावा हात हलला, जेमतेम, आमच्या खात्यातली खूण. सांगू नको. आणि लगेच दुसरी खूण, मामासाठी म्हणून.

हे तिला कुणी शिकवलं ते विचारायला नको. त्या दिवशी मी मागाच्या टोकाला उभी राहून हात हलवले होते तेव्हा ती तिसऱ्या रांगेत उभी होती. चिठ्ठीत नाव नसलं तरी डोळे होतेच की तिला.

भाऊ वही उघडून आठाचा आकडा लिहायच्या बेतात होता. मी गप्प बसले असते तर तो आजही बसला असता चहा पीत, आणि मी काही फार मोठं पाप केलं असतं असं नाही. पण एकदा गप्प बसून झालं होतं माझं. मी उठले, घडी घातलेली चादर उलगडली आणि कपाटाच्या दारावर टाकली.

भाऊ चादरीकडे बघत राहिला, मग माझ्याकडे. त्याने पेन खिशात ठेवलं, घड्याळ घेतलं आणि पुन्हा दाराशी जाऊन उभा राहिला.

आता मुलीने डोळे खरंच मिटले होते. नऊ. आठ. मला घड्याळ ऐकू येत नाही, मी फक्त तिच्या बोटाकडे बघत होते. सात. सहा. बोट मांडीवर तसंच. पाचवर तो थांबला, घड्याळ स्वतःच्या कानाला लावून बघितलं, चालू होतं. चार. तीन. तिच्या कपाळावर आठी होती, ती जीव तोडून ऐकत होती. दोन. एक. घड्याळ तिच्या खांद्याशी आलं तेव्हा बोट अर्धवट वर झालं. खात्री नसल्यासारखं.

त्याने वहीत एक लिहिलं. वरचे आठ खोडले नाहीत. मी त्याला म्हटलं, आता तरी हे घेऊन जा व्यवस्थापकाकडे. तो म्हणाला, "एकीवरून काही सिद्ध होत नाही, ताई." मी म्हटलं, नाही होत.

मग तो मुलीकडे वळला. तिची पाठ त्याच्याकडे होती, आणि तो तिच्यापासून हातभरच दूर उभा होता. "झालं, बाळ," तो म्हणाला, त्याच्या नेहमीच्या हळू आवाजात, मी ओठांवरून वाचलं. "ऊठ आता."

ती उठली नाही. डोळे मिटून, बोट तयार ठेवून ती पुढच्या टिकटिकीची वाट बघत होती. तो पुन्हा तेच म्हणाला. मग मी जाऊन तिच्या खांद्यावर हात ठेवला.